डावा मॉनिटर

"काल चार वाजता ऊन कुठवर आलेलं?" मुनीरनं खुर्चीतून उठता उठता विचारलं.

"म्हणजे?"

"खिडकीतलं ओ. टेबलावर आलेलं की नाही?"

"आलेलं. माझ्या डब्यापर्यंत."

"आणि साडेपाचला?"

"साडेपाचला डबा ओलांडून भिंतीवर. का? हवामान खात्यात भरती होताय का?"

"घेतील का, बघा की तुमची ओळख असली तर." त्यानं पाण्याची बाटली पिशवीत टाकली. "आणि डोकं? काल दुखलं?"

"नाही."

"बरं झालं. पान एकशे बेचाळीसवर एक सात आहे, तो उंटासारखा दिसतो. मी सातच धरलाय. शेऱ्यात लिहिलंय, वाचून घ्या."

दुपारचे दोन वाजून पाच मिनिटं झाली होती. रोज इतकाच वेळ मिळायचा, दोन ते सव्वादोन. सकाळी आठ ते दोन तो त्या टेबलावर बसायचा, दोन ते आठ मी. टेबल एक, खुर्ची एक, कीबोर्ड एक. हस्तांतराची वहीही एकच. तिच्यात पानाचा क्रमांक, केलेल्या नोंदी, शंका आणि शेरा असे चार रकाने होते. शंकेच्या रकान्यात आम्ही काम लिहायचो आणि शेऱ्याच्या रकान्यात बाकीचं सगळं. त्या दिवशी वही उघडली तर त्यानं लिहिलं होतं, "पान १४२, ओळ ९. सात किंवा उंट. उंट असल्यास कळवावे. – मु." मी खाली लिहिलं, "उंट नाही. नदीची पातळी आहे, वाळवंटाची नाही. – अ."

मिरजेत स्टेशनजवळच्या एका इमारतीच्या दुसऱ्या मजल्यावर आमची ती खोली होती. नद्यांच्या पाण्याच्या पातळीच्या जुन्या वह्या संगणकात भरण्याचं काम एका कंपनीनं घेतलं होतं. पूर्वी रोज सकाळी आठ वाजता कुणीतरी नदीवर जाऊन दगडावरच्या खुणेवरून पातळी वाचायचं आणि वहीत लिहायचं. त्या वह्यांचे फोटो आमच्याकडे येत. डाव्या मॉनिटरवर वहीचं पान उघडायचं, उजव्यावर तक्ता. डावीकडचा आकडा वाचायचा आणि उजवीकडे टाइप करायचा. मी नुकतीच भौतिकशास्त्रात एम.एस्सी. झाले होते. हे काम काही माझ्या शिक्षणाचं नव्हतं, पण साठ-सत्तर वर्षांपूर्वीच्या सकाळी आठ वाजताचं पाणी रोज डोळ्यांसमोर यायचं, ते मला आवडायचं.

अडचण मॉनिटरची होती. उजवा नवा, रुंद, चोवीस इंची. डावा सतरा इंची, चौकोनी. त्याची चौकट हिंगाच्या जुन्या डबीसारखी पिवळी पडलेली. त्याला उंची मिळावी म्हणून खाली दोन जाड रजिस्टरं घातली होती. डाव्यावरचा पांढरा रंग सायीसारखा दिसायचा, उजव्यावरचा जास्त नीळ पडलेल्या धोतरासारखा. एका आकड्यासाठी नजर एकदा सायीतून निळीत जायची आणि एकदा परत यायची. मी एकदा हिशेब केला होता. सहा तासांत साधारण नऊशे आकडे होत, म्हणजे अठराशे फेऱ्या. प्रत्येक फेरीला बाहुली लहान-मोठी होणार, भिंगाचं अंतर बदलणार, रंगाचा अंदाज नव्यानं बांधला जाणार. डोळ्यानं तक्रार केली तर त्याची चूक नव्हती.

"दुसरा नवा येतोय," पोतनीस साहेब दर आठवड्याला सांगायचे. ते पाटबंधारे खात्यातून निवृत्त होऊन आमच्यावर देखरेखीला आले होते. "प्रक्रियेत आहे."

जानेवारीपासून माझं डोकं दुखायला लागलं. भुवईच्या आतून, उजव्या बाजूनं. डोळ्यांच्या डॉक्टरांनी तपासून सांगितलं की नंबर वाढलेला नाही, काम कमी करा. मी जयसिंगपूरहून एसटीनं ये-जा करायची. रात्री घरी पोचले की आई कपाळाला सुंठ लावायची आणि अण्णा बघत बसायचे. अण्णा हायस्कूलमध्ये गणित शिकवायचे. पाडव्याला, गुढी उतरवता उतरवता, त्यांनी विषय काढला.

"अवंती, असं किती दिवस चालायचं?"

"कारण सापडलं की थांबेल, अण्णा."

"मग शोध. एप्रिल अखेरपर्यंत शोध. नाही सापडलं तर राजीनामा द्यायचा आणि मे महिन्यापासून बी.एड.च्या प्रवेशपरीक्षेचा क्लास लावायचा. डोळे घालवून नोकरी नको."

"आणि सापडलं तर?"

"तर राहा की. मी कशाला आडवा येतोय?"

अण्णांचा शब्द म्हणजे शब्द. एक महिना हातात होता. त्या महिन्यात मला डोकेदुखीचं कारण शोधायचं होतं, नाहीतर नोकरी जाणार होती. नोकरी गेली तर नऊशे आकडे जाणार होते, त्याचं मला फार वाटलं नसतं. पण दोन ते सव्वादोनही जाणार होतं. हे मी कुणाला सांगितलं नव्हतं. स्वतःलाही नीट शब्दांत नाही.

मुनीर सतारमेकर. आडनावातच घराण्याचा धंदा. त्याच्या आजोबांच्या आजोबांपासून सतारी करणारी माणसं. सकाळी तो आमच्याकडे आकडे भरायचा आणि दुपारी वडिलांच्या दुकानात भोपळे तासायचा. त्याच्या बोटांना लाखेचा वास यायचा, कीबोर्डालाही यायचा. एकदा मी विचारलं होतं, सतार जुळवतात म्हणजे नेमकं काय करतात?

"जवारी काढताना, म्हणजे तारेला झणकार आणताना, अब्बा तारांखालच्या घोडीची पट्टी केसभर घासतात, तार छेडतात, परत केसभर घासतात."

"केसभर म्हणजे किती? मोजत नाहीत?"

"मोजून कसं होईल ओ? ऐकतात."

"मग चूक झाली हे कसं कळतं?"

"तेही ऐकूनच." तो हसला. "एक तार पोलादाची, एक पितळेची. दोन्ही सारख्या करायला गेलं तर सतार गेलीच. सारखं करायचं नसतं, मगदूम मॅडम. जुळवायचं असतं."

मला ते तेव्हा जरा ढोबळ वाटलं होतं.

फेब्रुवारीपासून मी डोकेदुखीची नोंद ठेवत होते. तारीख, खोलीचं तापमान, चहाचे कप, आदल्या रात्रीची झोप, डोकं दुखलं का, किती वाजता. पाडव्यानंतर ती वही घेऊन बसले. दोन महिन्यांत अकरा दिवस डोकं दुखलं होतं, त्यांतले आठ शुक्रवार. मी समासात लिहिलं, "आठवड्याचा थकवा शुक्रवारी साठतो." मग शनिवारी का दुखत नाही? शनिवारी साहेब तासभर लवकर सोडायचे. जमलं. मी खाली रेघ मारली.

त्यानंतर आठवडाभर रोज दोन वाजता आल्या आल्या दोन्ही मॉनिटरची सेटिंग तपासली. डाव्याचा ब्राइटनेस एक दिवस सव्वीस, एक दिवस पंचवीस, एक दिवस चोवीस. उजव्याचंही तसंच. निळा रंग कधी दोन घरं खाली, कधी तीन. मॉनिटरचा कोनही रोज वेगळा. म्हणजे मुनीर सकाळी स्वतःच्या सोयीनं बदलत होता आणि मी रोज नव्या सेटिंगवर बसत होते. डोळ्याला रोज नव्यानं सवय करावी लागली तर तो दुखणारच! प्रयोगशाळेत पहिल्या वर्षी शिकवलेला नियम आठवला. आधी सगळं स्थिर करा, मग एका वेळी एकच गोष्ट बदला.

नऊ एप्रिलच्या शनिवारी साहेबांनी सोडल्यावरही मी थांबले. सूर्य मावळला होता आणि खोलीत फक्त ट्यूबलाइट होती. दोन्ही मॉनिटरच्या मधे कोरा कागद धरून, फोनवरच्या प्रकाशमापकानं मोजून मोजून, मी दोघांचे पांढरे रंग जमतील तितके सारखे केले. मग बटणांवर चिकटपट्टी लावली आणि तिच्यावर लिहिलं, "प्रयोग चालू आहे. सेटिंग बदलू नये." शेऱ्याच्या रकान्यात लिहिलं, "दोन्ही मॉनिटर सारखे केले आहेत. रोज बदलल्यानं मला त्रास होतो. कृपया हात लावू नये. – अ."

रविवारी माझी सुट्टी असायची. सोमवारी येऊन वही उघडली. खाली एकच शब्द होता.

"बरं. – मु."

सोमवारी डोकं दुखलं. मंगळवारी दुखलं. बुधवारी साडेचारला इतकं दुखलं की उठून नळाखाली तोंड धरलं. मी नोंद करत होते. स्थिर सेटिंगवरही दुखतंय, म्हणजे दोष मॉनिटरमध्येच आहे, असा निष्कर्ष आकार घेत होता. तो शास्त्रीय होता आणि माझ्या काहीच उपयोगाचा नव्हता.

त्याहून वाईट वेगळंच झालं होतं. मुनीर बोलायचा थांबला होता. रुसला नव्हता, येता-जाता हसायचा. पण ऊन कुठवर आलं, हे त्यानं त्या सोमवारनंतर विचारलं नाही. डोक्याचंही नाही. "दोनशे बारा पान. दोन शंका आहेत. निघतो," इतकंच. शेऱ्याचा रकाना कोरा राहायला लागला. रमजान सुरू झाला होता, रोजे चालू होते. मी मनाशी म्हटलं, उपाशीपोटी बोलवत नसेल. पण त्याआधीचा आठवडाही रमजानचाच होता आणि त्या आठवड्यात त्यानं मला पान एकशे ऐंशीवरच्या शाईच्या डागाला 'जिल्ह्याचा नकाशा' म्हणून दाखवलं होतं.

एका दुपारी मीच विचारलं, "रागावलात का?"

"नाही ओ. कशाला?"

"काही विचारत नाही आता."

"काय विचारू? तुम्ही सगळं टेप लावून ठेवलंय," तो म्हणाला. मी हसले. तोही हसला. सव्वादोनला आठ मिनिटं बाकी असताना तो जिना उतरून गेला.

तेवीस तारखेचा शनिवार. वरच्या ऑफिसनं त्या खेपेतल्या शेवटच्या सहा वह्या महिनाअखेरपर्यंत मागितल्या होत्या. पोतनीस साहेबांनी आम्हा दोघांना दुपारी एकत्र बोलावलं.

"एक जण वाचा, एक जण टाइप करा. आमच्या खात्यात अशीच पद्धत होती. वेग दुप्पट, चुका निम्म्या."

मुनीरनं स्टूल ओढून डाव्या मॉनिटरसमोर घेतलं. मी उजव्यासमोर. तो वाचत गेला, मी टाइप करत गेले.

"चौदा दशांश दोन. चौदा दशांश दोन. चौदा दशांश एक. चौदा. इथं शेरा आहे, 'आज वाचन उशिरा, कारण मुलगी आजारी.' घ्यायचा?"

"शेऱ्याला रकाना नाही तक्त्यात."

"मग गेला म्हणायचा." त्यानं पडद्यावरचं बोट एक ओळ खाली नेलं. "दुसऱ्या दिवशी, तेरा दशांश नऊ. शेरा कोरा. बरी झाली असेल."

"किंवा लिहायचं राहिलं असेल."

"बरी झाली असेल," तो म्हणाला. "तेरा दशांश नऊ. तेरा दशांश आठ."

त्याचा आवाज सावकाश आणि सारखा होता. चार वाजता ऊन आलं, साडेपाचला भिंतीवर गेलं. मी एकदाही डावीकडे बघितलं नाही. बघायची गरजच नव्हती. आकडे कानात येत होते. सहा वाजता ध्यानात आलं की डोकं दुखत नाहीये. मी नोंदवहीत लिहिलं, "२३ एप्रिल. नाही. कारण, एकच पडदा." ते खरंही होतं.

आम्ही सूर्यास्ताआधी जेवतो. आमच्या घरात दिवस मावळल्यावर कुणी तोंडात घास घालत नाही, त्यामुळे कामावरही मी सहा-साडेसहाला डबा उघडायची. त्या दिवशी वाचनाच्या नादात उशीर झाला.

"सूर्यास्त किती वाजता आज?" मी विचारलं.

"सहा एक्कावन्न," मुनीर लगेच म्हणाला.

"तुम्हाला कसं पाठ?"

"मला नाही तर कुणाला असणार? पहाटेपासून त्याचीच वाट बघतोय." त्यानं पिशवीतून खजुराची पुडी काढून टेबलावर ठेवली.

केबिनच्या दारातून पोतनीस साहेब बघत होते. "काय गंमत आहे," ते म्हणाले. "हिला सूर्य बुडायच्या आत, ह्याला बुडाल्यावर. बरं, सूर्य एकच." आणि ते फोनवर बोलायला गॅलरीत गेले.

मी भराभर जेवले. पोळी, दोडक्याची भाजी, दही. शेवटचा घास झाला तेव्हा सहा पन्नास झाले होते. मी डबा बंद केला. त्यानं डब्याशेजारी कागदावर तीन खजूर मांडले होते. हात मांडीवर ठेवून तो खिडकीकडे बघत होता. माझं जेवण संपलं होतं, त्याचं सुरू झालं नव्हतं. भिंतीवरचं ऊन तांबडं होऊन वर सरकत होतं.

"मी तीन तारखेनंतर येणार नाही," मी म्हणाले. "अण्णांशी तसं ठरलंय. पत्र आधी द्यावं लागतं, म्हणून साहेबांना काल दिलं."

तो वळला नाही. "डोकं?"

"डोकं."

"टेप काढू का?"

"प्रयोग अर्धवट सोडला तर निष्कर्ष काढता येत नाही, मुनीर."

"आणि पुरा केला तर?"

"तर निदान कारण कळतं."

"कारण कळून काय करणार?"

हे कुणी विचारावं असं मला कितीतरी दिवस वाटत होतं. उत्तर तयार होतं. कारण कळलं तर मी इथंच राहणार. एवढंच म्हणायचं होतं. मी त्याच्या हातांकडे बघत होते. बोटांच्या पेरांवर लाखेचा तपकिरी डाग होता. मी तोंड उघडलं आणि तेवढ्यात मशिदीवरचा भोंगा झाला.

त्यानं एक खजूर उचलला, डोळे मिटून काहीतरी पुटपुटला आणि तोंडात घातला. मग पुडी माझ्याकडे सरकवली आणि लगेच परत ओढली.

"चुकलं. तुमचं बंद झालं."

"हो," मी म्हणाले. "एका मिनिटानं."

माझा शेवटचा दिवस तीन मे. ईदही नेमकी त्याच दिवशी आली. मुनीर नव्हता. तो नसला की सकाळचं काम पोतनीस साहेब स्वतः करायचे, तसं त्यांनी केलं होतं. मी दोन वाजता पोचले तर ते दारातच उभे.

"आला एकदाचा!"

"कोण?"

"मॉनिटर हो. तुमच्या उजव्यासारखाच, सख्खा भाऊ. तुम्ही विज्ञानवाल्या, जाण्यापूर्वी जोडून द्या." मग आठवल्यासारखं केबिनमधून एक स्टीलचा डबा आणला. "आणि हे. मुनीर नमाजनंतर स्वतः देऊन गेला. शिरखुर्मा. म्हणाला, सूर्यास्ताच्या आत खायला सांगा."

खोकं टेबलाशेजारी होतं. मी डाव्या मॉनिटरची वायर काढायला त्याला रजिस्टरांवरच अर्धा फिरवला. आठ महिने मी त्याच्या समोर बसले होते. त्याची पाठ कधी बघितली नव्हती. पाठीवर वहीचे तीन कागद चिकटवलेले होते, पेन्सिलीनं बारीक आखलेले. वर लिहिलं होतं, "दु. २ ते ८. मगदूम."

खाली तक्ता होता. तारीख. ऊन. डावा. उजवा. निळा. कोन. डोकं.

"१४ फेब्रु. चारला डब्याअलीकडे. ३४. ३०. दोन खाली. बोटभर डावीकडे. दुखलं नाही."

"१६ फेब्रु. चारला डब्यापर्यंत. ३१. २८. दोन खाली. तसाच. थोडं दुखलं, साडेपाचला. उद्या भिंतीकडून येणारी तिरीप बघणे."

"१७ फेब्रु. २८. २६. तीन खाली. दोन बोटं डावीकडे. दुखलं नाही."

मी उभ्यानंच वाचत गेले. रोजची ओळ होती. ऊन जसं उत्तरेकडे सरकत गेलं तसे आकडेही केसकेसभर सरकले होते. रोज सकाळचं काम संपल्यावर, मी यायच्या आधी, तो दोन्ही मॉनिटर माझ्या दुपारसाठी जुळवून ठेवत होता. माहिती माझ्याकडूनच गोळा केलेली. काल ऊन कुठवर आलं? साडेपाचला? डोकं? मी ज्याला गप्पा समजत होते, ती त्याची वाचनं होती.

फक्त शुक्रवारची, माझं डोकं हमखास दुखायचं त्या दिवसाची, ओळ कुठंच नव्हती. शुक्रवारी त्याची सुट्टी असायची आणि सकाळी साहेब बसायचे. माझ्या नोंदवहीत तापमान होतं, चहाचे कप होते, झोप होती. माझ्याआधी त्या खुर्चीवर कोण बसलं होतं, याचा रकाना मी काढलाच नव्हता.

नऊ एप्रिलनंतरच्या ओळी मी दोनदा वाचल्या. त्या थांबल्या नव्हत्या. तारीख, डावा, उजवा, निळा, कोन, सगळं रोज लिहिलेलं. म्हणजे त्यानं जे केलं असतं ते. उन्हाचा रकाना अंदाजानं भरलेला, पुढं प्रश्नचिन्ह. आणि डोक्याच्या रकान्यात रोज एकच शब्द, "टेप."

शेवटून दुसरी ओळ आजची होती. आदल्या दिवशी लिहून ठेवलेली. "३ मे. डबा ओलांडून? २२. २१. तीन खाली. तीन बोटं डावीकडे." डोक्याचा रकाना रिकामा.

"काय झालं?" साहेबांनी केबिनमधून विचारलं. "जमत नाही का जोडायला?"

"जमतंय," मी म्हणाले. "हाच राहू दे आज. उद्या मुनीर जोडेल."

मी जुना मॉनिटर परत सरळ केला आणि बटणांवरची चिकटपट्टी सोलून काढली. खाली चिकटा राहिला होता, तो नखानं खरवडला. बावीस. एकवीस. निळा तीन घरं खाली. तीन बोटं डावीकडे. बोटं मी माझी लावली, ती त्याच्यापेक्षा बारीक होती म्हणून थोडं जास्त सरकवलं. मग बसले आणि काम सुरू केलं.

चार वाजता ऊन डबा ओलांडून गेलं. त्याचा अंदाज बरोबर होता. डावीकडे साय होतीच, उजवीकडे नीळही होती. दोन्ही सारखे झाले नव्हते. पण इकडून तिकडे जाताना डोळ्याला उंबरा लागत नव्हता. साडेपाच झाले. सहा झाले. मी शिरखुर्मा खाल्ला. खजूर चांगले भिजले होते. सूर्यास्ताला अजून पाऊण तास होता.

साडेसहाला अण्णा स्कूटर घेऊन आले. शेवटचा दिवस म्हणून न्यायला आले होते. जिना चढून आल्यामुळे त्यांना दम लागला होता. साहेबांनी त्यांना खुर्ची दिली, पण ते माझ्याजवळ येऊन उभे राहिले आणि वाकून चेहरा बघितला.

"आज दुखलं?"

"नाही."

"नाही?" त्यांनी चष्मा काढला. त्यांना खरंच आनंद झाला होता. "मग कारण सापडलं का? सापडलं असेल तर बघ, पत्र परत घेता येतं का. मी शब्द दिलाय तुला. साहेब नाही म्हणायचे नाहीत."

ते वाट बघत होते. कारण माझ्या हातापासून वीतभर अंतरावर, मॉनिटरच्या पाठीवर चिकटवलेलं होतं. त्याला तारखा होत्या, आकडे होते, गणिताच्या शिक्षकाला पटेल इतकं ते स्वच्छ होतं. फक्त ते सांगायचं तर एक नाव घ्यावं लागणार होतं. ते नाव मी कसं उच्चारीन आणि अण्णा ते कसं ऐकतील, दोन्ही मला त्या क्षणी ठाऊक होतं. अण्णा ओरडले नसते. त्यांनी चष्मा पुन्हा घातला असता आणि म्हणाले असते, चल.

"नाही सापडलं," मी म्हणाले.

चुकीची नोंद मी आयुष्यात जाणूनबुजून केली ती तेवढी एकच.

"असू दे," अण्णा म्हणाले. "डोळे वाचले. चल, आवर."

त्याला चार वर्षं झाली. बी.एड. मी पुरं केलं नाही; आता पुण्यात उपग्रहांच्या चित्रांवर काम करते. माझ्यासमोर दोन मॉनिटर असतात, एकाच दिवशी घेतलेले, एका मापाचे, एका रंगाचे. डोकं दुखत नाही. खिडक्यांना पडदे आहेत, ऊन आत येत नाही. मुनीरचा नंबर फोनमध्ये आहे. मिरजेचं ऑफिस त्याच पावसाळ्यात बंद झालं. तिथलं सामान कुठं गेलं, कुणाला विचारायचं ते मला माहीत नाही. दुपारी दोन वाजले की अजूनही मी खुर्चीतून उठते. शेजारच्या टेबलावरच्या मुली म्हणतात, अवंतीताईंची दोनची फेरी.

त्या दिवशी अण्णा खाली स्कूटर सुरू करायला गेले तेव्हा मी पिशवी परत टेबलावर ठेवली. डावा मॉनिटर अर्धा फिरवला. मुनीरची पेन्सिल कीबोर्डखाली असायची, ती घेतली. तीन मेच्या ओळीत डोक्याच्या रिकाम्या रकान्यात लिहिलं, "दुखलं नाही." आणखी काही लिहावं म्हणून पेन्सिल तशीच धरून उभी राहिले. खालून हॉर्न वाजला.

मॉनिटर सरळ करताना पुन्हा नजर गेली. माझ्या ओळीखाली त्यानं आणखी एक ओळ आखून ठेवली होती. तीन तारीख माझी शेवटची, हे त्याला माहीत होतं. तरी पहिल्या रकान्यात "४ मे" लिहिलेलं होतं. पुढचे सगळे रकाने मोकळे होते.

मी ते तसेच ठेवले.